पिकअपचं स्टिअरिंग थरथरतं, हौदा डोलतो: स्टिअरिंग स्टॅबिलायझर बसवू की आधी शॉकअप?

मोहाडीकर
राम राम मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण गॅरेजवाला प्रत्येक वेळी वेगळं सांगतोय.

घरची पिकअप आहे, जुनी घेतलेली. पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही पुढची चाकं एकाच आडव्या दांड्यावर), पुढे-मागे पाटे. हंगामात द्राक्षं, बाकी वेळ टोमॅटो. पिंपळगाव मार्केट तर रोजचंच, अधूनमधून वाशी. पहिल्या मालकाने मागे दोन्हीकडे एकेक पाटा वाढवून घेतलेला आहे.

तक्रारी तीन. खाली, म्हणजे रिकामी, गाडी सत्तरच्या पुढे गेली की सरळ जात नाही, सारखं डावं-उजवं करत धरून ठेवावी लागते. भरलेली असताना भटकत नाही, पण ५५-६० च्या दरम्यान पुलाचा जोड किंवा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्हीकडे झटके मारायला लागतं, ॲक्सिलरेटर सोडला की मगच शांत होतं. आणि कसारा घाट उतरताना वळण संपलं तरी हौदा एका अंगावर कललेला राहतो, सावकाश परत येतो.

नाशिकला द्वारकेच्या एका दुकानात स्टिअरिंग स्टॅबिलायझर दाखवला. म्हणे हा लावा, एका बोटाने चालवाल. शेजारच्याचं म्हणणं चारही शॉकअप गॅसचे टाक. वडिलांचं म्हणणं आधी हवा बघ. दोन्हीला पैसे घालायची तयारी नाही, एकालाच आहे. कुणी केलंय का हे काम?

ओझरवाला
वडिलांचं ऐका. फुकट आहे.

गंगापूर_रोड
माझ्या व्ही-क्रॉसलाही स्टॅबिलायझर टाकायचा विचार आहे, परदेशातले व्हिडिओ बघून. धागा वाचतोय.

बारा_तेरा
मोहाडीकर, तुमच्या तिन्ही तक्रारींची मुळं तीन वेगळ्या जागी आहेत. एका वस्तूने तिन्ही जाणार नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

आधी स्टॅबिलायझरचं सांगतो. तो आडवा बसवलेला शॉकअपच असतो. एक टोक ॲक्सलला किंवा चेसिसला, दुसरं टायरॉडला, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याला. आत तेल आणि बारीक भोकांचा पिस्टन. हळू ढकललं तर तेल निवांत सरकतं, झटक्याने ढकललं तर अडतं. म्हणून गाडी वळवताना तो जाणवत नाही, पण चाकाने पटकन मारलेला झटका गिळतो. एवढंच त्याचं काम. साधा स्टॅबिलायझर चाकं सरळ करून देत नाही, गाडी सरळ ठेवत नाही, वळणात झुकणं थांबवत नाही. म्हणजे तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीशीच त्याचा संबंध, मधल्या.

आणि तिथेच खरी भीती आहे. ५५-६० ला भरल्या गाडीत झटके येतात म्हणजे पुढे कुठेतरी प्ले, जोडातला ढिलेपणा, आहे. किंगपिनचे (चाक ज्या पिनवर वळतं तिचे) बुश, टायरॉड एंड, ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचा) जोड, व्हील बेअरिंग, पुढच्या पाट्याचे शॅकल बुश, स्टिअरिंग बॉक्स, यातलं एक तरी ढिलं असणार. नवा स्टॅबिलायझर लावला तर थरथर काही महिने दबून जाईल आणि आतला जोड झिजतच राहील. मग तो स्टॅबिलायझर थकला की थरथर परत येईल, तोवर टायरॉड एंड सॉकेटमधून सुटायच्या बेताला आलेला असेल. घाटात सुटला तर काय, ते लिहायची गरज नाही.

म्हणून विकत घ्यायच्या आधी हे करा, सपाट जागेवर, एक माणूस सोबत घेऊन. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक. इंजिन चालू, चाकं जमिनीवर. सोबतच्याने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे दोन-दोन बोटं हलवत राहायचं, जोरात नाही. तुम्ही पुढून वाकून एकेका जोडावर बोटं ठेवा, म्हणजे अर्धी बोटं या भागावर, अर्धी त्या भागावर. चांगल्या जोडात दोन्ही भाग एकदम हलतात. गेलेल्या जोडात आधी एक हलतो, मग दुसरा, आणि मधली टकटक बोटाला लागते. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं. टायरॉड एंडचं रबर फाटून आतलं ग्रीस काळं, वाळूसारखं चरचरीत झालं असेल तर तो जोड गेलाच म्हणून समजा.

मग पुढचं चाक उचला, ॲक्सलखाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर नको. चाक वर-खाली धरून, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, पुढे-मागे झुलवा. प्ले लागला तर सोबतच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत झुलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग ढिलं, तसाच राहिला तर किंगपिन. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं तर टायरॉडचा कळतो.

एक विनंती. कुणी स्टिअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून देतो म्हणाला तर हात लावू देऊ नका. बाकीचे जोड बघितल्याशिवाय तो आवळला की स्टिअरिंग मधोमध जड होतं, वळणातून स्वतःहून परत येत नाही, आणि बॉक्स आतून खाल्ला जातो.

मोहाडीकर
इतकं कुणी गॅरेजला सांगितलं नव्हतं. रविवारी करतो. पण खाली गाडी भटकते त्याचं काय? तिथे झटके अजिबात नसतात.

बारा_तेरा
त्याचं उत्तर तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे. वाढवलेला पाटा.

पुढचं चाक ज्या पिनवर वळतं ती पिन सरळ उभी नसते, वरचं टोक थोडं मागे कललेलं असतं. हा कॅस्टर. याच्यामुळे स्टिअरिंग सोडलं की चाक आपोआप सरळ होतं. पाट्यांच्या गाडीत हा कोन फार नसतो, दोन-चार अंशांचा खेळ. आता मागे पाटा वाढवला की खाली गाडी मागून उचलली जाते, नाक खाली जातं, आणि सगळी चेसिस पुढे कलते तशी किंगपिनही पुढे कलते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, तीन मीटर धरा. मागून ५ सेंटिमीटर उंच झाली तर जवळजवळ १ अंश गेला. मुळात दोन-अडीच असतील तर राहिलं काय? गाडी भटकणारच.

माल भरला की मागची बाजू बसते, कॅस्टर परत येतो, भटकणं थांबतं. तुम्ही लिहिलंय तसंच. उलट मागे फार बसली तर कॅस्टर वाढतो, आणि वाढलेला कॅस्टर आणि वर ढिले जोड म्हणजे थरथरीला आमंत्रण. अलायमेंटवाला यात काही करू शकत नाही, अखंड ॲक्सलला तो फक्त टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते, लावून देतो. कॅस्टर बदलायचा तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते, किंवा मागची उंची मूळ जागी आणावी लागते. दुसरं स्वस्त.

त्रिंगलवाडी
बारा_तेरांचं सगळं मान्य, तरी स्टॅबिलायझरची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितोय. माझ्याकडे जिप्सी आहे, पुढे अखंड ॲक्सल, टायर मूळपेक्षा मोठे आणि जड. सगळे जोड नवे, बॅलन्सिंग केलेलं, तरी दगडातून जाताना स्टिअरिंग हातातून उडायचं, एकदा अंगठा चांगलाच मुरगळला. स्टॅबिलायझर बसवल्यापासून ते गेलं. जिम्नीला तर तो कंपनीच देते. परदेशातल्या मोठ्या पिकअप, फोर्ड सुपर ड्यूटी, रॅम २५००, यांच्या अखंड ॲक्सलच्या गाड्यांनाही तो कारखान्यातूनच येतो. म्हणजे वस्तू थोतांड नाही. जड टायर, खराब रस्ता, अखंड ॲक्सल असेल तर उपयोग आहे.

बारा_तेरा
थोतांड मी म्हटलंच नाही. तुम्ही तो निरोगी गाडीला लावलात. माझं भांडण आजारी गाडीला लावण्याशी आहे.

त्रिंगलवाडी
मग भांडणच नाही. :) बसवताना एक बघा. चाकं सरळ असताना स्टॅबिलायझरचा दांडा अर्धा आत, अर्धा बाहेर हवा. मग चाकं पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघायचं. कुठल्याही बाजूला दांडा टोकाला टेकत असेल तर स्टिअरिंगचा स्टॉपर म्हणून तो मार खातो, ब्रॅकेट तरी तुटतो किंवा दांडा तरी वाकतो. आणि जास्त दाबाचा गॅसवाला घेतलात तर गॅस दांडा सतत बाहेर ढकलत असतो, गाडी हलकीशी एका बाजूला ओढते. नुसत्या तेलाच्या स्टॅबिलायझरला हा त्रास नाही.

गंगापूर_रोड
आणि माझी व्ही-क्रॉस?

त्रिंगलवाडी
तुमच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, विशबोन आणि कॉइल. हायलक्सचंही तसंच. पुढे अखंड ॲक्सलच नाही, दोन्ही चाकांना बांधणारा तो लांब टायरॉडही नाही. व्हिडिओतली गाडी वेगळ्या हाडाची आहे. तुम्हाला खर्च करायची हौसच असेल तर मागच्या शॉकअपवर करा, रिकाम्या हौद्याचं उडणं कमी होईल.

गंगापूर_रोड
हौस आहेच. बायको वाचत नाही हा धागा, तोवर बोलून घेऊ.

अंबड_लिंकरोड
शॉकअपचा विषय निघाला म्हणून. मी वाहनांच्या सुट्या भागांच्याच धंद्यात आहे. आपल्या अंबडला गेब्रियलचा शॉकअपचा कारखाना आहे आणि तरी नाशिककर शॉकअपबद्दल इतकं चुकीचं बोलतात याचं नवल वाटतं.

पहिला गैरसमज, कडक शॉकअप टाकला की जास्त माल बसतो. शॉकअप वजन पेलत नाही. वजन पाट्यांवर असतं. खड्ड्यातून वर उसळलेल्या पाट्याला पुन्हा पुन्हा नाचू न देणं हे शॉकअपचं काम. पाट्याची ती उसळी तेलातून पिस्टन ढकलण्यात जिरते आणि तिची उष्णता होते. ही उष्णता तपासायला वापरता येते. शेताच्या कच्च्या रस्त्यावरून पाच-सात किलोमीटर गाडी हाणा, थांबा, आणि चारही शॉकअपच्या नळ्यांना हाताच्या मागच्या बाजूने जपून स्पर्श करा. काम करणारे कोमट ते गरम लागतील. एखादा थंडगार असेल तर तो मेलेला आहे, बाहेरून कितीही कोरडा दिसो. कारसारखं बोनेट दाबून किती हेलकावे बसतात ते बघणं पिकअपला लागू पडत नाही, पाटे इतके कडक की माणसाच्या वजनाने ते हलतच नाहीत. टायरवर जागोजागी वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर तीही शॉकअप गेल्याची खूण, किंवा बॅलन्सिंग बिघडल्याची.

दुसरं, पाट्यांना स्वतःचंही घर्षण असतं. पाट्यावर पाटा घासतो, त्यात थोडी उसळी जिरते. जुन्या, जाड थराच्या गाड्यांत शॉकअप मेला तरी ड्रायव्हरला पटकन कळत नाही ते यामुळेच. पॅराबोलिक पाटे असतील, म्हणजे संख्येने कमी आणि मध्ये फट असलेले, तर ते घर्षण फारच कमी. तिथे सगळा भार शॉकअपवर, गेला की लगेच नाच सुरू.

तिसरं, गॅस. साध्या शॉकअपमध्ये नळीत नळी असते, वर थोडी हवा. खराब रस्त्यावर सतत आपटलं की तेलात ती हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला अडवायची ताकद नसते. सकाळी बरी चालणारी गाडी दुपारपर्यंत डोलायला लागते ती यामुळे. गॅसवाल्यात हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन असतो, फेस उशिरा होतो. मोनोट्यूब म्हणजे एकच नळी, जास्त दाब, गॅस आणि तेल यांच्यामध्ये सरकता पिस्टन. थंडही लवकर होतो, पण महाग, आणि एकच नळी असल्याने दगड लागून पोचा आला की पिस्टन अडकतो. द्राक्षाच्या बागेतल्या रस्त्याला आणि रोजच्या भाड्याच्या गाडीला माझी पसंती गॅसच्या नळीत-नळी शॉकअपला. मोनोट्यूब हौसेच्या गाडीला.

जोडीने बदला. मागचे दोन किंवा पुढचे दोन. एक नवा एक जुना म्हणजे गाडी तिरकी उसळते.

सिन्नरफाटा
आमच्या ओळखीत एकाने मागे दोन पाटे वाढवून मोनोट्यूब टाकले आणि आता बिनधास्त दोन टन भरतो. काही होत नाही म्हणतो.

अंबड_लिंकरोड
आरसीवरचं वजन पाटे वाढवून वाढत नाही. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. काट्यावर सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. आणि घाटात ब्रेक तापले तर ते दंडाची पावती बघून थांबत नाहीत.

ओझरवाला
माल कुठे ठेवता तेही बघा की. सगळे मागच्या फाळक्यापासून भरायला सुरुवात करतात, कारण हात तिथे पोचतो.

बारा_तेरा
ओझरवाले अखेर एक ओळ ओलांडून बोलले. आणि मुद्दा वजनदार आहे. टोमॅटोचं कॅरेट वीस किलोचं. अशी दहा कॅरेट मागच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे ठेवली, तर तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीत पुढच्या चाकांवरचं ४० किलो वजन उचललं जातं. तीच दहा ॲक्सलच्या मीटरभर पुढे, केबिनकडे सरकवली, तर पुढच्या चाकांवर उलट ६५-७० किलो येतं. म्हणजे शंभर किलोचा फरक, एक रुपया न घालता. केबिनला चिकटून भरत या. अर्धी गाडी असेल तर उंच रास न करता पसरून ठेवा, वळणात झुकणं तेवढं कमी.

झुकण्यावरून, मोहाडीकर, तुमची तिसरी तक्रार. नवे शॉकअप टाकले तर हौदा कलेल सावकाश आणि परत येईल नीट, मधलं हेलकावणं जाईल. पण एकूण किती कलायचं ते शॉकअप ठरवत नाही, ते पाटे, अँटी रोल बार (वळणातलं झुकणं रोखणारी आडवी सळी) आणि राशीची उंची ठरवते.

मोहाडीकर
मंडळी, रविवारची हकीकत.

डाव्या चाकाचा बारा-सहाचा प्ले ब्रेक दाबल्यावरही तसाच. किंगपिन. उजवीकडेही थोडा. टायरॉड एंडचं एक रबर फाटलेलं, बोटाला टकटक स्पष्ट लागली, आमच्या पुतण्यालाही लागली, त्याला भारी गंमत वाटली. शॉकअप हाताने तपासले, मागचा डावा गार, बाकीचे कोमट. बाहेरून तो सगळ्यात स्वच्छ होता! पुढचा एक तेलाने माखलेला.

उंची गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोजली. पोर्चमधल्या सपाट फरशीवर रिकामी गाडी मागून चांगलीच उचललेली निघाली.

आडगावला काम करून घेतलं. दोन्हीकडे किंगपिनचा सेट, टायरॉड एंड दोन्ही, पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, मग टो. शॉकअप चारही गॅसचे, नळीत नळी. वाढीव पाटा काढायला वडील तयार नव्हते, म्हणाले मग हंगामात गाडी मागे बसेल. त्यांना कॅस्टरचा हिशोब सांगितला तर म्हणाले, कागदावर सगळंच चालतं. शेवटी पाटा काढला, घरी जपून ठेवायच्या अटीवर.

परवा भरलेली गाडी घेऊन वाशीला जाऊन आलो. थरथर पूर्ण गेली. घोटीच्या पुढे मुद्दाम त्याच पुलावरून ६० ने नेली, काही नाही. रिकामी येताना भटकणं बरंच कमी, शून्य नाही. स्टॅबिलायझर घेतला नाही.

एक उरलं. येताना समृद्धीने आलो, आमणे ते इगतपुरी. मोठ्या बोगद्यात गाडी रुळावरून चालल्यासारखी, आणि बाहेर पडल्याबरोबर एकदम बाजूला ढकलल्यासारखं झालं. रिकामी कॅरेट रचून वर ताडपत्री होती. याला स्टॅबिलायझर चालेल का?

त्रिंगलवाडी
नाही. तो वारा. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात तो लागत नाही आणि बाहेर पडल्याबरोबर दरीच्या बाजूने आडवा येतो. रिकामी कॅरेट म्हणजे वजन नाही आणि अंग मोठं. ताडपत्री फुगू देऊ नका, घट्ट बांधा, कॅरेट एकात एक जात असतील तर रास खाली आणा. मालवाहूंना तिथे ८० ची मर्यादा आहे, तुम्ही वाऱ्याच्या दिवशी ६५ ने या.

अंबड_लिंकरोड
शॉकअपचे बुश गाडी चाकांवर उभी असताना आवळलेत ना? जॅकवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मोहाडीकर
हे विचारलं नव्हतं. बघतो.

बारा_तेरा
त्याहून महत्त्वाचं, पाटा काढताना यू बोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलला बांधणारे बोल्ट, उघडले असणार. नवे टाकले की जुनेच लावले? जुनेच असतील तर बदला, एकदा ताणलेला यू बोल्ट परत तसा धरत नाही. नवे असले तरी पाच-सातशे किलोमीटर झाले की पुन्हा आवळायचे, टॉर्क पान्याने, गाडी जमिनीवर असताना. पाट्याची थप्पी बसते आणि बोल्ट ढिला पडतो. आणि किंगपिनला ग्रीस मारताना ॲक्सल उचलून मारा, वजनाखाली ग्रीस खालच्या वॉशरपर्यंत पोचत नाही.

मोहाडीकर
नवेच टाकलेत, पण पाटा कमी झाला तरी लांबी जुन्याच मापाची आहे, नटाखाली बराच आटा उरलाय. चालेल?

बारा_तेरा
आटा बाहेर उरला तर बिघडत नाही, नट आट्याच्या शेवटाला जाऊन थांबला नसेल ना एवढं बघा. तसं झालं असेल तर पान्याला घट्ट लागतं आणि पाटा मात्र ढिलाच असतो.

मोहाडीकर
उद्या सकाळी मार्केटला जायच्या आधी बघून कळवतो. आडगावच्या गॅरेजात टॉर्क पाना नाही म्हणाले. सातपूर-अंबडकडे कुणाकडे तासभर मिळेल का? चहा माझा.

अंबड_लिंकरोड
या. व्यक्तिगत निरोप टाकलाय.